खुंट्यावरचा शेंदूर

माझे संपूर्ण नाव दर्शनी उजवा दिवा, राहणार वाबळे यांची मोटार, धार. वय एकेचाळीस वर्षे. वय मी लपवीत नाही. काचेवरचे चरे पाहून ते कोणालाही सांगता येईल. जाळीच्या पलीकडे माझा भाऊ, डावा दिवा, बसलेला आहे. आम्ही एकाच दिवशी जन्मलो, परंतु कारखान्यात मला आधी बसविले, म्हणून मी थोरला.

मला वाचता येते, हे आरंभीच सांगितलेले बरे. मला कोणी शिकविले नाही. मैलाचे दगड, पुलांवरच्या सूचना, पुढे चाललेल्या ट्रकांच्या पाठी, ज्यावर माझा उजेड पडला ते मी वाचीत गेलो. 'धार' हा मी ओळखलेला पहिला शब्द आणि 'देवास' हा दुसरा. मराठी मात्र या हिंदी मुलखातल्या दगडांवर फारशी लिहिलेली नसते. ती मी गाडीत बसणाऱ्यांच्या तोंडून घेतली. आतले बोलणे पत्र्यातून माझ्यापर्यंत पोहोचते.

आणि मला भीती वाटते. दिव्याने अंधाराला भ्यावे, हे आपणांस हास्यास्पद वाटेल. परंतु आपण विझू, ही काही आमची भीती नव्हे. बल्ब गेला तर दुसरा येतो. माझ्या पोटात असे कितीतरी येऊन गेले. माझ्या भरवशावर दोन म्हातारी माणसे मागे बसलेली असतात, आणि माझ्याच भरवशावर अनोळखी माणसे रस्त्याच्या कडेने पायी चालत असतात. त्यांच्यातले कोणीतरी माझ्यासमोर मरेल आणि ते मला नीट दिसणारही नाही, ही भीती मी दोन हिवाळे पोटात बाळगली. ती कोणाला सांगण्यास मला तोंड नव्हते.

वाबळे हे धारच्या दरबारचे जुने पागेदार. म्हणजे संस्थानच्या घोड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. संस्थाने गेली, घोडे गेले, वाबळ्यांच्या घरात सरकारी नोकऱ्या आल्या. गणपतराव वाबळे यांनी मोटार विकत घेतली तेव्हा ते वृद्ध झाले होते, आणि पागेची आठवण असलेले त्या घरातले ते शेवटचे गृहस्थ होते. घरी आल्यावर त्यांनी प्रथम माझ्या कपाळावर हात ठेवला. घोड्याच्या कपाळावर ठेवावा तसाच. मला तो आवडला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला एक अडचण उभी राहिली. पागेची रीत अशी होती की खंडेनवमीला घोड्याबरोबर त्याच्या खुंट्याचीही पूजा करावयाची. घोडा ज्याला बांधतात त्या खुंट्याला तेलात कालविलेला शेंदूर लावावयाचा, म्हणजे जनावर वर्षभर धन्याशी बांधलेले राहते. मोटारीला खुंटा कोठून आणावा? गणपतरावांनी बोनेट उघडविले, बराच वेळ आत पाहिले, आणि माझ्या मागच्या बाजूस, पत्र्यात आवळलेल्या एका बोल्टवर बोट ठेवले. त्या बोल्टला काही काळ्या तारा बांधलेल्या होत्या.

"हा खुंटा," ते आपल्या मुलाला, जगदेवरावांना, म्हणाले. "बघा, याला बांधलेलंसुद्धा आहे."

जगदेवराव तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांनी वडिलांना कधी उलट प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशीही विचारला नाही. गणपतरावांनी शेंदराचे पहिले बोट लावले आणि तारांसकट बोल्ट तांबडालाल झाला.

त्या काळ्या तारा माझ्या आणि माझ्या भावाच्या होत्या. वीज बॅटरीतून निघते, एका तारेने आमच्यात येते, उजेड देते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. परत जाण्याची वाट मोकळी नसेल तर येणारीही अडते. आमची परतीची वाट त्याच बोल्टपाशी पत्र्याला मिळत होती. भोंग्याची वाटही तेथेच मिळत होती. पहिल्या वर्षी काही झाले नाही. दहाव्या वर्षीही झाले नाही. गणपतराव गेले, जगदेवराव दर खंडेनवमीला तेवढ्याच श्रद्धेने बोट लावीत राहिले. थरावर थर चढला. तेल तारेच्या कडीखाली झिरपले, पावसाळ्यात त्याखाली गंज धरला, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी, बदनावरच्या रस्त्यावर, माझा उजेड जेथे पडत असे तेथे पडला नाही.

तो क्षण मला स्पष्ट आठवतो. समोर एक दगड होता. त्यावर अक्षरे होती आणि ती मला वाचता आली नाहीत.

जगदेवरावांनी गाडी हळू केली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. काही बोलले नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी भवानीबाई बसल्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जगदेवराव एकटेच चष्म्याच्या दुकानात गेले आणि नवा चष्मा करून आले. जुना त्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेविला. नव्याने फरक पडला नाही, तेव्हा पुढल्या हिवाळ्यात आणखी एक करविला. तोही शेवटी कप्प्यात गेला. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने आपले डोळे गेले असे मनाशी ठरवून टाकले होते, आणि ही गोष्ट जगापासून लपविण्याचाही निश्चय केला होता. मी त्यांच्या पुढ्यात बसून मनात ओरडत होतो की डोळे तुमचे नव्हेत, माझे गेले आहेत. पण आम्हाला बोलण्याचे एकच साधन आहे, आणि तेच तर माझ्याकडून जात चालले होते.

कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे आपण विचाराल. धार शहरात रस्त्यावर खांबांचे दिवे असतात. देवासला त्यांचा मुलगा संताजी राहतो, तो एका कारखान्यात अधिकारी आहे. तेथे जाताना इंदूरच्या बाजूने इतरांच्या दिव्यांचा इतका उजेड असतो की आमचा कोणी पाहत नाही. आम्ही उघडे पडत होतो ते आडरस्त्यांवर, आणि तेथे गाडीत ही दोघेच असत.

एकदा सुटकेची आशा वाटली होती. गाडी कुशलच्या गॅरेजमध्ये तेलपाण्यासाठी गेली होती. कुशल हा धारचाच, हसतमुख माणूस. जगदेवरावांनी त्याला सहज विचारल्यासारखे विचारले की दिवे ठीक आहेत ना. कुशलने माझा बल्ब काढला, दोन तारा घेऊन सरळ बॅटरीवर लावला. तो असा लखलखला की दोघांनीही तोंडे फिरविली.

"बाऊजी, लाइट में कुछ नहीं है," कुशल म्हणाला. "ये तो ट्रकवाले को भी अंधा कर दे."

बरोबरच होते ते. बल्बची तारच त्याने स्वतः जोडली होती, खुंट्याची वाट त्यात आलीच नव्हती. तरीही कुशल सावध होता. तो तारेवरून बोट फिरवीत फिरवीत मागे गेला, थेट बोल्टपर्यंत पोहोचला, आणि त्याने नखाने शेंदूर टोकरला.

"उसको हाथ मत लगाना," जगदेवराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण कुशलचा हात जागीच थांबला.

"अरे, यहाँ तो हनुमानजी बिराजे हैं," तो म्हणाला. त्याने बोल्टला हात जोडले आणि बोनेट लावून टाकले.

दिवे निर्दोष ठरले होते, म्हणजे दोष कोठे आहे हे जगदेवरावांना कळून चुकले होते. माझी भीती त्या दिवसापासून वाढली. जो माणूस दिव्याला दोष देत नाही, तो दिवा दुरुस्त करणार नाही, आणि डोळ्यांचा दोष कबूल करणार नाही, म्हणजे गाडीही थांबविणार नाही.

मग फाटकाला गाडी घासली. मग एका संध्याकाळी देवासच्या वाटेवर दुभाजकाला चाक लागले. संताजीने देवासच्या घरी पोर्चमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली आणि ओरखडे पाहिले. त्याची मुलगी ईशानी जवळच उभी होती. ती म्हणाली, "आबा, पीछे कॅमेरा लगवा लो ना, सगळे लावतात."

"मराठीत बोल," जगदेवराव म्हणाले.

"कॅमेऱ्याला मराठीत काय म्हणतात, आबा?"

यावर भवानीबाई हसल्या. संताजी हसला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "आबासाहेब, किल्ली आता माझ्याकडे द्या. कुठं जायचं असेल तर मी येईन, नाहीतर ड्रायव्हर पाठवीन."

"पागेदारांच्या घरात लगाम कोणी मागत नसतं."

"लगाम नाही मागत. किल्ली मागतोय."

जगदेवराव बराच वेळ माझ्या काचेकडे पाहत राहिले. मला वाटले, आता पाहतील, आता त्यांना उमगेल. परंतु दुपारचे ऊन होते, आणि उन्हात सगळे दिवे सारखेच दिसतात. ते एवढेच म्हणाले, "गंधवानीचं बारसं होऊ द्या. मग बघू."

गंधवानी गावाच्या शाळेत भवानीबाईंची भाची विद्युल्लता शिक्षिका आहे. तिच्या मुलीचे बारसे होते. आम्ही सकाळी निघालो, घाट उतरलो, मधल्या फुटलेल्या रस्त्याने इतके हादरलो की माझ्या पाठीमागची तार खुंट्यावर हलू लागली. मला ते जाणवत होते. सबंध दिवसभर, आत पाळणा म्हणत असताना, मुलीच्या कानात नाव सांगत असताना आणि मग सगळी तिला चिऊ म्हणूनच हाक मारत असताना, मी अंगणात उभा राहून सूर्याकडे पाहत होतो. तो जितका कलत होता तितका मी घाबरत होतो.

विद्युल्लतेने राहण्याचा आग्रह केला. "मामा, आज आठवडी हाटाचा दिवस आहे, रस्त्यावर माणसं असतात. सकाळी निघा." जगदेवरावांनी तिला मुलीच्या हातात ठेवण्यासाठी चांदीची वाटी दिली, आशीर्वाद दिला, आणि रीतीने नकार दिला. मुक्काम केला असता तर आपण भ्यालो असे दिसले असते. निदान त्यांना तसे वाटले असावे.

गाव मागे पडले तोवर उजेड होता. घाटाच्या पायथ्याशी तो संपला.

जगदेवरावांनी खटका ओढला. मी पेटलो, पण ज्याला पेटणे म्हणता येईल असे ते नव्हते. माझा उजेड बोनेटच्या टोकापासून जेमतेम चार पावले गेला आणि धुळीत मिसळला. आजूबाजूने हाटातून परतणारी माणसे चालली होती. डोक्यावर गाठोडी, हातात तेलाचे डबे, कोणाच्या खांद्यावर मूल. मला त्यांचे पाय आधी दिसत आणि मग, फार उशिरा, माणसे. जगदेवराव सुकाणूवर पुढे वाकले होते. त्यांना माणसे दिसत नव्हती, म्हणून ती दूर व्हावीत यासाठी ते भोंगा वाजवू लागले.

आणि येथे मी खरोखरच गर्भगळित झालो. भोंगा त्याच खुंट्याला बांधलेला होता. तो वाजला की जी थोडीशी परतीची वाट उरली होती तीही तो अडवीत असे. भोंगा वाजे आणि आम्ही दोघे भाऊ जवळजवळ विझत असू. भिऊन ते अधिक वाजवीत, आणि वाजविल्याने अधिक अंधार होई. त्या वृद्ध माणसाला हे कसे सांगावे? मी थरथरलो. थरथरलेला दिवा पाहून त्यांना वाटले असेल की आपले डोळे भरून आले.

एका वळणावर त्यांनी भोंगा दाबला, मी विझल्यागत झालो, त्यांनी हात काढला, मी पुन्हा लाल झालो, आणि माझ्या पुढ्यात लाल लुगड्याचा काठ होता. काठाशेजारी लहान मुलाचे अनवाणी पाऊल. एवढेच मला दिसले. त्यांना तेही दिसले नसावे. त्यांना दिसला तो आपल्या मनगटावर घट्ट आवळलेला भवानीबाईंचा हात. गाडी कर्कश आवाज करीत थांबली. लुगड्याचा काठ माझ्या काचेला लागून बाजूला झाला.

बाईने मुलाला उचलले. तिच्याबरोबरचा माणूस खिडकीशी आला. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो शांतपणे म्हणाला, "दादाजी, लाइट तो जला लो."

"जली हुई है," जगदेवराव म्हणाले.

तो माणूस पुढे येऊन आमच्याकडे वाकून पाहून गेला. मग बायकोमुलासह चालू लागला.

ती तिघे अंधारात दिसेनाशी झाली. नंतर जगदेवराव म्हणाले, "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. संताजी म्हणतो ते खरं आहे."

भवानीबाई म्हणाल्या, "मलाही नाही दिसत."

"तुमच्या डोळ्याचं तर ऑपरेशन झालंय."

"म्हणूनच बोलले नाही. म्हटलं, त्यात काही राहिलं असेल, तर पुन्हा दवाखाना. घरात मात्र सुईत दोरा ओवता येतो मला. फक्त या गाडीत बसलं की अंधार."

जगदेवराव खाली उतरले. चालत चालत माझ्यासमोर आले आणि उभे राहिले. एकेचाळीस वर्षांत पेटलेल्या मला त्यांनी असे समोरून कधी पाहिले नव्हते. कोणीच पाहत नाही, माणसे डोळ्यांवर हात धरतात. त्या संध्याकाळी त्यांना हात धरावा लागला नाही. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले, विझत्या निखाऱ्याकडे पाहावे तसे, आणि डोळ्यांची पापणीही लवली नाही.

"अहो," ते म्हणाले, "इकडे या. हा दिवा बघा."

भवानीबाई आल्या. त्यांनीही पाहिले. मग त्यांनी मोबाईलचा उजेड लावला आणि बोनेट उघडावयास सांगितले. जगदेवराव आत वाकले, तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला, आणि तो नेमका खुंट्यावर पडला. तार दाबली गेली. मी लख्ख पेटलो. रस्ता, दरड, दूरची झाडे, सगळे एकदम समोर आले. त्यांनी दचकून हात काढला आणि मी पुन्हा बसलो.

"पुन्हा दाबा," भवानीबाई म्हणाल्या.

त्यांनी दाबले. मी पेटलो. सोडले. मी विझलो. तिसऱ्यांदा करून पाहण्याची गरज नव्हती, पण त्यांनी केले.

"याला हात लावायचा नाही," जगदेवराव हळू आवाजात म्हणाले. कोणाला सांगत होते, ते मला कळले नाही. "वडिलांनी लावलेला शेंदूर आहे. पागेची रीत आहे."

"मामंजींनी घोडा सुटू नये म्हणून खुंटा पुजला," भवानीबाई म्हणाल्या. "तो आंधळा झालेला त्यांना चालला असता का? त्या लेकराला लागलं असतं म्हणजे?"

त्यांनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि पुढे केला. जगदेवरावांनी तो लगेच घेतला नाही. आधी चपला काढल्या, खुंट्याला हात जोडले, गाडीचे दिवे बंद केले, आणि मग अडकित्त्याच्या पात्याने कडेकडेने खरवडू लागले. शेंदराच्या जाड कपच्या सुटू लागल्या. भवानीबाईंनी खाली पदर धरला होता. देवाचे शेंदराचे कवच सुटते तेव्हा ते जमिनीवर पडू देत नाहीत. वरचे थर जगदेवरावांचे होते, ते सहज निघाले. तळाचा थर काळपट आणि चिवट होता. तो गणपतरावांच्या बोटाचा होता. तेथे त्यांचा हात थांबला.

"काढा," भवानीबाई म्हणाल्या. "मी धरलंय."

त्यांनी तो काढला. खालचा गंज घासला, तारेची कडी घासली, डिकीतून पाना आणून बोल्ट आवळला. मग आत जाऊन खटका ओढला.

मी आणि माझा भाऊ एकदम पेटलो. भवानीबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी चटकन डोळ्यांवर हात धरला, आणि हात धरूनच त्या हसू लागल्या. पुढच्या वळणावर हाटातली ती तिघे अजून चालत होती. त्यांच्या पाठी मला स्वच्छ दिसल्या. मुलाने वळून आमच्याकडे पाहिले. त्यांच्या पलीकडे मैलाचा दगड होता आणि त्यावर काय लिहिले होते ते मी वाचले.

आम्ही घाट चढलो. जगदेवरावांनी भोंगा वाजविला तो एकदाच, त्या तिघांना मागे टाकताना, आणि अगदी हळू.

आता माझे वय झाले आहे. पोटातल्या आरशाचा पारा जागोजाग उडाला आहे, आणि केव्हातरी मलाही काढून ठेवतील. आपल्या घरी माझ्यासारखा म्हातारा दिवा असेल, तर माझी एक विनंती आहे. अंधार वाटू लागला की तो आपल्याच डोळ्यांत आहे असे गृहीत धरून गप्प बसू नका. शेजारी बसलेल्याला विचारा.

भवानीबाईंच्या पदरातला शेंदूर दुसऱ्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडण्यात आला. जगदेवरावांनी संताजीला फोन करून सगळे सांगितले, दोन्ही चष्म्यांसकट. यंदाच्या खंडेनवमीला धारच्या घरी पोर्चमध्ये एक लाकडी खुंटा रोवण्यात आला आणि शेंदूर त्याला लागला. बोनेटखालचा बोल्ट कोरडा असतो. सूर्य मावळल्यावर निघावयाचे असेल, तर जगदेवराव आधी दिवे लावतात, भवानीबाई गाडीसमोर जाऊन उभ्या राहतात, आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरल्यावरच गाडी फाटकाबाहेर पडते.